दोन्ही हात मोकळे ठेवणारा पट्टा

टेंभुर्णीला आमच्या घरी एकनळी बंदूक होती. निजामाचं राज्य गेल्यावर पुष्कळांच्या बंदुका सरकारजमा झाल्या, पण पुढं रानडुकरांपासून पीक राखायला म्हणून माझ्या यजमानांना परवाना मिळाला. त्याच बंदुकीनं ते गेले. लग्नाला तिसरं वर्ष होतं.

मी तेव्हा शेतातच होते. दुपारची भाकरी घेऊन गेले होते. डुकरं भरदिवसा ज्वारीत शिरलेली दिसली आणि ते घाईनं राखणीच्या माळ्यावर चढायला लागले. बंदुकीला पट्टा नव्हता. ती हातात घेऊन शिडी चढता येईना, म्हणून त्यांनी ती खांबाला टेकवली, आपण वर गेले आणि खाली वाकून नळीला धरून ती वर ओढली. बंदुकीचा घोडा चढवलेला होता. तो माळ्याच्या आडव्या लाकडाला अडकला, सुटला आणि बार उडाला.

पोलिसांना मी जबाब दिला. धाकट्या दिरांना सगळं सांगितलं. सासऱ्यांपुढं मात्र मी कधी तोंड उघडलेलं नव्हतं. त्या काळी सून बोलतच नसे. दिरांनी त्यांना एवढंच सांगितलं, की अपघात झाला. मामंजींनी मान हलवली. त्यानंतर घरात कुणी तो विषय काढला नाही. बंदूक ठाण्यात जमा राहिली.

पुढचे दोन हंगाम डुकरांनी रान नासवलं. शेवटी दिरांनी परवाना आपल्या नावावर करून घेतला.

"ती या घरात येणार न्हाई," मामंजी म्हणाले.

"मंग ज्वारी काय डुकरांसाठी पेरून राह्यलो का आपण?" दीर म्हणाले.

मामंजी उठून बाहेर गेले. मी भाऊजींना म्हटलं, "बंदूक आणा, पण घरात यायच्या आधी तिला पट्टा बसला पाहिजे. अन् तो मी निवडणार." ते आधी हसले. मग माझ्याकडं पाहून हो म्हणाले.

ठाण्यातून बंदूक सोडवून, जुन्या धोतरात गुंडाळून आम्ही मोटारीनं जालन्याला गेलो. बंदुकीच्या सामानाचं दुकान बाजाराच्या आतल्या गल्लीत होतं. दुकानदार म्हातारे होते, हैदराबादेकडचे. सगळे त्यांना चाचा म्हणत. त्यांनी आधी बंदूक सांध्यात उघडून नळी रिकामी असल्याची खात्री केली, मग भाऊजींपुढं एकेक वस्तू मांडली. लाल मखमलीची गवसणी. सिंहाच्या तोंडाचं पितळी बक्कल असलेला काडतुसांचा कमरपट्टा. नक्षी उठवलेला चामड्याचा अरुंद पट्टा. भाऊजींची नजर त्या सिंहावरून हलेना.

मी विचारलं, "चाचा, हा पट्टा अडकवून शिडी चढता येईल का?"

"बाई, ही शिकारीची चीज आहे. शिडीचं काय काम?"

"आमच्याकडं माळ्यावर चढावं लागतं. दोन्ही हात मोकळे पाहिजेत."

वरच्या फळ्यांवरचा माल काढायला दुकानात एक शिडी होती. मी भाऊजींना ती चढायला लावली. अरुंद पट्टा दुसऱ्याच पायरीला खांद्यावरून घसरला. दुसरा इतका लांब, की बंदुकीचा दस्ता पायरीपायरीवर आपटत होता. मग चाचांनी आतून खाकी जाड कापडाचा, चांगला रुंद पट्टा आणला. तो छातीवरून तिरपा घेऊन बक्कल आवळलं, तशी बंदूक पाठीला चिकटून बसली. भाऊजी वरपर्यंत चढले, उतरले. बंदूक जागची हलली नाही.

"मी काय टपालाची थैली घेऊन चाललो का?" भाऊजी कुरकुरले.

"दिसू द्या तसं," मी म्हणाले.

सिंहाच्या कमरपट्ट्याला मी नको म्हटलं. त्यात काडतुसं उघडी राहत. त्यापेक्षा झाकण असलेली साधी पिशवी घेतली. काडतूस तिच्यातून निघेल ते माळ्यावर बसल्यावरच, असं मी भाऊजींकडून तिथंच कबूल करून घेतलं. मखमल चाचांनी आपणहून बाजूला सारली. म्हणाले, पावसाळ्यात ती ओल धरते, नळीला गंज चढतो. घरी बंदूक गवसणीत ठेवूच नका. नळी साफ करायचा लाकडी गज, तेल आणि मऊ फडकं घेतलं.

पट्टा कडीत अडकवताना चाचांनी हळू आवाजात विचारलं, "कोण पडलं होतं, बाई?"

"माझे यजमान. पडले न्हाईत, पण चढतानाच गेले."

त्यांनी सुई-दोरा काढला आणि पट्ट्याची दोन्ही टोकं पुन्हा एकदा शिवून दिली.

घरी आलो तेव्हा मामंजी ओट्यावर बसले होते. बंदूक पाहून त्यांनी तोंड फिरवलं. थोड्या वेळानं त्यांचं लक्ष पट्ट्याकडं गेलं.

"हे कशाला?"

मी आत गेले होते; भाऊजींनी दाराकडं पाहिलं. मग दाराआडून मीच बोलले, "चढताना बंदूक पाठीला राहावी म्हणून. त्या दिवशी पट्टा नव्हता. त्यांनी वर जाऊन नळीला धरून ओढली."

"ओढली?" मामंजी उठून वळले. "तू पाह्यलं?"

"मी खालीच उभी होते."

"अन् चाप? तो त्यानं..."

"न्हाई मामंजी. हात तिथवर पोचतच नव्हता. घोडा लाकडाला अडकला."

कसं झालं ते दाखव म्हणून त्यांनी आपली काठी माझ्यापुढं धरली. मी बाहेर आले, अंगणात उतरून ती ओट्याच्या खांबाला टेकवली, ओट्यावर चढले, वाकले आणि वरच्या टोकाला धरून ती ओढली. डोक्यावरचा पदर घसरला, तो सावरायचं भान राहिलं नाही. मामंजी एकटक पाहत होते. मग एकदम खाली बसले.

"मला वाटलं, त्यानं मुद्दाम केलं," ते म्हणाले. "सकाळीच मी त्याला लई बोललो होतो. तुझ्यानं काईच होणार न्हाई, म्हणलो होतो. तुम्ही अपघात म्हणता, ते माझं मन राखायला, असं धरून बसलो."

आम्हाला दोघांनाही याची कल्पना नव्हती. एका घरात राहून, माझ्या हातची भाकरी खाऊन, हा माणूस इतके दिवस हे एकट्यानं सोसत होता. भाऊजी त्यांच्याजवळ जाऊन बसले.

मग मामंजींनी मला विचारलं, "चढताना काही म्हणला का?"

"भाकरी झाकून ठेव, मुंग्या लागतील, म्हणले."

ते ऐकून मामंजी रडले. मुलगा गेला तेव्हा मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं.

भाऊजींनी ती बंदूक पुढं बरीच वर्षं वापरली. डुक्कर क्वचितच मारलं. आवाजानंच कळप पळून जाई. मामंजी पुन्हा शेतात यायला लागले आणि माझ्याशी बोलायलाही. जेवायला बसले की यजमानांच्या लहानपणातलं काहीबाही सांगत. एकदा यजमान बैलगाडीतून झोपेत पडले होते आणि घरी येईपर्यंत कुणाला कळलंच नव्हतं, हे सांगताना मामंजी हसले, आणि मीही वाढता वाढता थांबून हसले.