सोळा पानांचा फर्मा

त्या वर्षी मी गणपतीशी अबोला धरला होता. तसं मला बोलणंच बंद होतं, पण त्याच्याशी मी मनातल्या मनातही बोलत नव्हते. स्वरतंतूवरची गाठ काढून डॉक्टरांनी ती तपासायला पाठवली होती आणि पंधरा दिवस तोंडातून शब्द काढायचा नाही, कुजबुजायचंसुद्धा नाही, अशी ताकीद दिली होती. मी मुलांसाठी गोष्टींची पुस्तकं लिहिते आणि पुस्तक कसं तयार होतं ते शाळाशाळांतून सांगत फिरते. लिहिणं एक वेळ मुक्यानं जमेल, पण सांगणं? गाठ वाईट निघाली तर आवाज कायमचा जाऊ शकतो, हे डॉक्टरांनी लपवलं नव्हतं. जन्मभर नुसती वटवट करणाऱ्यांचे गळे शाबूत, आणि नेमका माझाच सापडला, असा माझा सरळ राग होता.

माझा एक नेम होता. नवं पुस्तक आलं की पहिली प्रत घेऊन नारायण पेठेतून चालत कसब्यात जायचं, ती गणपतीपुढे ठेवायची, मग बाकीच्यांना द्यायची. पहिल्या पुस्तकापासून हे कधी चुकलं नव्हतं. या वेळचं पुस्तक नेमकं शस्त्रक्रियेच्या आठवड्यात छापून आलं. ती प्रत मी शाळांत न्यायच्या पिशवीत तळाशी सारून दिली आणि देवळाकडे फिरकले नाही.

तपासणीचा अहवाल मिळणार होता त्याच दिवशी सकाळी हिंजवडीच्या एका शाळेत माझा कार्यक्रम ठरलेला होता. "कळवून टाकतो, जमणार नाही म्हणून," हे म्हणाले. मी नकारार्थी मान हलवली. घरात बसून दुपारची वाट बघण्यापेक्षा मुलं बरी. आणि युक्तीही सुचली होती. मी मोठ्या पुठ्ठ्यांवर सगळं भाषण लिहून काढलं. पुण्याच्या माणसाला पाट्या लिहायला काही शिकवावं लागत नाही!

तेव्हा हिंजवडीत शेतांमधून काचेच्या इमारती वर येत होत्या. कंपन्यांच्या बसगाड्यांच्या गर्दीतून रिक्षा कशीबशी शाळेशी पोचली. वर्गात मुलं बसलेली होती. मुख्याध्यापिका म्हणाल्या, "मोठ्यांची चाचणी लागली हो, म्हणून पहिलीची मुलं बसवलीत. चालेल ना आपल्याला?" आणि त्या चाचणीच्या गडबडीत निघूनही गेल्या.

मी पहिली पाटी वर धरली : 'नमस्कार! आज आपण पुस्तक तयार करू या.' सगळे चेहरे पाटीकडे लागले. पुढच्या एका मुलीनं बोट दाखवून मोठ्यानं वाचलं, "न… म…" आणि 'स्का'पाशी अडकली. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. इतकी वर्षं मुलांसाठी लिहिणारी मी, ज्यांना अजून जोडाक्षरं येत नाहीत अशा मुलांपुढे पाट्यांचा गठ्ठा घेऊन उभी होते.

मी पिशवीतून छापील फर्मा काढून फळ्याला लावला. फर्मा म्हणजे एकाच मोठ्या कागदावर पुढून-मागून छापलेली पुस्तकाची सोळा पानं. मुलांना घड्या घालायला कोरे कागद वाटले. हातांनी दाखवू लागले, पण मुलं कागद कसेही चुरगाळू लागली आणि कालवा वाढत गेला. एका शब्दानं सगळं थांबलं असतं, आणि तोच एक शब्द मला काढता येत नव्हता. मला रडू फुटायच्या बेतात होतं. कित्येक दिवसांत पहिल्यांदाच मी मनात म्हटलं, "आता तूच बोल बाबा. माझं संपलं."

खिचडीचं पातेलं उचलून नेणारी एक बाई दारात थबकली. पन्नाशीची असेल. फळ्याकडे बघत म्हणाली, "बाई, सोळा पानी फर्मा हाय न्हवं ह्यो?"

मी बघतच राहिले. तिनं पातेलं खाली ठेवलं, पदराला हात पुसले. तिचं नाव हौसाबाई. कसब्यातल्या एका बाइंडिंगखान्यात तिनं बारा वर्षं फर्मे दुमडले होते. नवऱ्याला इथल्या कंपनीत पहारेकऱ्याची नोकरी लागली म्हणून ती इकडं आली होती. मी गळ्याकडे बोट दाखवून हात जोडले. तिला काय समजलं कोण जाणे, पण ती मुलांकडे वळली.

"गप ऱ्हावा रं समदी! हिकडं बघा. पयल्या पानाच्या शेजारी सोळावं हाय. वरची पानं तर डोकं खाली, पाय वर. येडं वाटतंय न्हवं?" मुलं हसली. "भ्यायचं न्हाई. ज्यानं पानं लावल्यात त्याला ठावं हाय, कुटलं कुटं जाणार. आपण निस्ती घडी सरळ घालायची."

तिनं फर्मा काढून घेतला, तीन घड्या घातल्या, तळहाताच्या कडेनं दाबल्या. मी दिलेल्या सुरीनं बंद कडा कापल्या आणि पानं उलटून दाखवली. एक, दोन, तीन, चार, सगळी सुलटी, सगळी ओळीत. मुलांनी टाळ्या वाजवल्या. मी भिंतीला टेकून उभी होते आणि डोळ्यांतलं पाणी थांबत नव्हतं. कितीतरी वेळा मीच हा फर्मा मुलांना दाखवला होता. त्या सकाळी तो मला कोणी तरी दाखवला.

निघताना पिशवीत हात घातला तर ती पहिली प्रतच हाताला लागली. दुपारचा निकाल काय लागणार हे मला ठाऊक नव्हतं, आणि आश्चर्य म्हणजे त्याची घाईही उरली नव्हती. प्रत मी हौसाबाईंना दिली. त्यांनी आधी शिवण अंगठ्यानं चाचपली, मग पुस्तक कपाळाला लावलं.

घरी पोचले तर अहवालाचं पाकीट घेऊन हे दारातच उभे होते. "वाईट काही नाही," म्हणाले आणि पाकीट माझ्या हातात दिलं. "म्हणजे आता पुन्हा ऐकून घ्यावं लागणार."

आवाज आला, पण घोगरा. अर्ध्या तासाहून जास्त चालत नाही. उरलेलं हौसाबाई सांगतात. सुट्टीच्या दिवशी आम्ही दोघी वाचनालयांत, वस्त्यांत जातो, आणि मुलांना त्यांचंच जास्त आवडतं, हे मी कबूल करून टाकते.

बोलायची परवानगी मिळाली त्या दिवशी मी कसब्यात चालत गेले, रिकाम्या हातांनी. गाभाऱ्यापुढे उभी राहिले आणि माझ्या नव्या फाटक्या आवाजात पहिलं वाक्य बोलले, "देवा, तुझी प्रत हिंजवडीला दिली. पोचली ना?"