अकरा चाळीसला पडायचे विमान

आमच्या विमान क्लबात एकवीस सभासद आहेत आणि त्यांतल्या वीस जणांना युद्ध जिंकायचे असते. अडचण तिथेच सुरू होते.

वर्षातून एकदा, थंडी सुरू होण्याआधीच्या एका रविवारी, आम्ही युद्धविमान स्मृतिदिन साजरा करतो. मोठ्या युद्धात उडालेल्या विमानांच्या छोट्या प्रतिकृती, पंख दीड-दोन मीटरचे, जमिनीवर उभे राहून हातातल्या ट्रान्समीटरने उडवायच्या. (त्याला 'रिमोट' म्हणणाऱ्या पाहुण्याला आमचे अध्यक्ष दुसऱ्यांदा बोलावत नाहीत. 'खेळणं' म्हणणाऱ्याला त्या दिवशीचा चहासुद्धा मिळत नाही.) शेवटी आकाशात लढाई होते आणि आपली बाजू जिंकते. पण कोणीतरी जिंकायचे म्हणजे कोणीतरी हरावे लागते. पहिल्या वर्षी सभेत प्रश्न निघाला, शत्रूचे विमान कोण उडवणार? वीस जण आपापल्या बुटांकडे पाहू लागले. एकविसाव्याला खाली पाहायला जरा उशीर झाला. त्या दिवसापासून त्यांचे नाव शत्रूराव पडले.

शत्रूरावांचा धंदा कवळ्या करण्याचा. दातांचे डॉक्टर माप घेतात, साचा पाठवतात आणि हे मेण, प्लास्टर, कानशी घेऊन त्यातून दात उभे करतात. कामाच्या खोलीत भिंतभर फळ्या आणि फळ्यांवर पांढऱ्या प्लास्टरचे जबडे, प्रत्येकाखाली नावाची चिठ्ठी. नवा माणूस आत आला की दारातच थबकतो. पन्नास-साठ जण एकदम आ वासून आपल्याकडे पाहतायत, असे वाटते. आमच्या कार्यकारिणीतले चार जबडे त्या फळीवर आहेत. अध्यक्षांचा वरचा, खजिनदारांचे दोन्ही आणि माझा खालचा.

हा माणूस कोणाला 'नाही' म्हणत नाही. शनिवारी संध्याकाळी डॉक्टरांचा फोन येतो, "सोमवारी सकाळी दात हवेत, पेशंटच्या मुलीचं लग्न आहे." शत्रूराव म्हणतात, "बघतो." मेव्हण्याने घर बदलताना आपला जुना फ्रीज 'आठ दिवसांसाठी' ठेवू का विचारले, शत्रूराव म्हणाले, "बघतो." त्याला चार वर्षे झाली. फ्रीज अजून कामाच्या खोलीत आहे आणि त्यात आता प्लास्टरची पोती ठेवतात. त्यांच्या पत्नी सार्वजनिक ग्रंथालयात पुस्तके देण्याघेण्याच्या खिडकीवर असतात. पुस्तक एक दिवस उशिरा आले तरी त्या चष्म्यावरून अशा पाहतात की माणूस पुढच्या वेळी आदल्या दिवशी येतो. क्लबात त्यांना सगळे वहिनी म्हणतात आणि सगळे थोडे घाबरतात. "आमच्या घरात 'नाही' म्हणायचं खातं माझ्याकडे आहे," असे त्या स्वतःच सांगतात.

सहा वर्षे शत्रूराव थर्मोकोलचे विमान घेऊन येत. त्यावर काळा रंग, पोटाखाली धुराची नळी. अध्यक्षांचे विमान मागे लागले की हे धूर सोडत आणि शेताच्या कडेच्या झाडांमागे विमान पाडत. मग एका पिशवीत तुकडे भरून घरी. तक्रार नाही. गेल्या वर्षी मात्र मागच्या रांगेतल्या एका बाईंनी मोठ्याने विचारले, "ते काळं विमान घरी गेलं का?" अध्यक्षांना ते लागले.

अध्यक्ष म्हणजे नळ आणि तोट्यांचे घाऊक व्यापारी. पाठीमागे त्यांना आम्ही एअर मार्शल म्हणतो. स्मृतिदिनाला ते भर उन्हात कातड्याची टोपी घालतात आणि कानांवरचे पट्टे सोडत नाहीत. पुढच्याच सभेत त्यांनी ठराव मांडला. एक, शत्रूचे विमानही अस्सल दिसले पाहिजे, थर्मोकोल चालणार नाही. दोन, ते प्रेक्षकांसमोर पडले पाहिजे. ठराव एकमताने मंजूर झाला. शत्रूराव हजर होते. पहिला भाग ऐकून ते इतके खूश झाले की दुसरा भाग त्यांनी ऐकलाच नसावा.

पुढचे अकरा महिने त्यांनी ते विमान केले. अध्यक्षांचे नवे विमान खोक्यातून आले होते. पंख लावा, चार स्क्रू पिळा, उडवा. शत्रूरावांनी हलक्या लाकडाची एकेक फासळी कापली. सांगाड्यावर चढवायचे कापड वहिनींनी शिवले. खऱ्या विमानाच्या पत्र्यावर खिळ्यांची डोकी दिसतात, तसल्या रिव्हेटांसाठी शत्रूरावांनी कवळीच्या मसाल्याचे टाचणीच्या टोकाएवढे थेंब दिले, एका पंखावर नऊशे, दुसऱ्यावर नऊशे. घरातले जेवणाचे टेबल विमानतळ झाले. दोघे अकरा महिने ताट मांडीवर घेऊन जेवले.

काचेखाली बोटाएवढा वैमानिक बसला होता. तो हसत होता आणि त्याला दात होते.

"शत्रू हसतोय कशाला?" अध्यक्षांनी विचारले. विमान सभेच्या टेबलावर ठेवले होते आणि सगळे त्याभोवती वाकले होते.

"दात घडवायची सवय आहे हो हाताला," शत्रूराव म्हणाले. "दात केल्यावर तोंड बंद करवेना."

"आणि ही आत पाचवी मोटर कशाला? पंख-शेपटी हलवायला चारात काम होतं."

"असू दे. एक जादा."

तेवढ्यात मी स्मृतिदिनाची कार्यक्रमपत्रिका वाटली. मी चिटणीस आहे. पत्रिका टंकायचे काम माझे. दहाला स्वागत, सव्वादहाला प्रमुख पाहुण्यांचा सत्कार, अकरा वीसला हवाई युद्ध. त्यापुढे: '११.४० – शत्रूचे विमान कोसळणे (टाळ्या)'. मग अध्यक्षांचे भाषण आणि शेवटी '१२.३० – युद्धसमाप्ती व चहा'. शत्रूरावांनी अकरा चाळीसची ओळ वाचली. मग पुन्हा वाचली. मग टेबलावरच्या विमानाकडे पाहिले.

"हे पाडायचं?"

"मग? ठरावात आहे," अध्यक्ष म्हणाले.

"मला वाटलं... हे बघितल्यावर तुम्ही म्हणाल, राहू दे."

"अहो शत्रूराव, इतकं देखणं झालंय म्हणून तर पडताना बघायला मजा. थर्मोकोल पडलं काय नि राहिलं काय!"

बत्तीस वर्षे दात करणाऱ्या माणसाला, चांगल्या वस्तूने लोक काय काय फोडतात, हे ठाऊक असायला हवे होते.

"झाडांमागं उतरवलं तर? धूर सोडतो, आवाज बंद करतो."

"परत 'घरी गेलं का' विचारायला? नाही. लोकांसमोर. खुर्च्यांपासून तीस पावलांवर. जमेल ना?"

शत्रूराव म्हणाले, "बघतो."

बाहेर पडताना खजिनदारांनी त्यांना जिन्यात गाठले. "तुम्ही पण ना! त्याचा वरचा जबडा तुमच्या हातात आहे. द्या जरा सैल करून. भाषणात कवळी माइकवर आपटली की गप बसेल."

शत्रूराव खरोखर दुखावले. "कवळी कवळीच्या जागी. मी तसलं काम करत नाही."

त्या दिवसापासून स्मृतिदिनापर्यंत बारा दिवस होते. वहिनी माझ्या पत्नीला फोनवर म्हणाल्या, "जेवण अजून मांडीवरच चाललंय. आता टेबल रिकामं करा म्हणायचा धीर होत नाही मला. मी म्हटलं, मी जाऊन सांगते तुमच्या अध्यक्षांना. तर म्हणतात, नको, मी कबूल केलंय." दुसऱ्याच दिवशी शत्रूरावांनी एक रुमाल कापला म्हणे. कशासाठी, ते सांगितले नाही.

स्मृतिदिनाला ऊन छान होते, वारा बेताचा. गवत कापलेले, चुन्याच्या रेघा मारलेल्या, दोरीमागे दीडशे खुर्च्या आणि त्यांवर ऐंशी माणसे. प्रमुख पाहुणे म्हणजे युद्धात विमानतळावर काम केलेले एक आजोबा. कसले काम, हे विचारायचे राहून गेले होते. सत्काराच्या वेळी अध्यक्षांनी माइक त्यांच्यापुढे धरला. "आजोबा, तुम्ही शत्रूची किती विमानं पाडलीत?"

"मी? मी भटारखान्यात होतो," आजोबा म्हणाले. "चारशे माणसांचा चहा."

टाळ्या पडल्या. लोक टाळ्या वाजवायला आलेलेच असतात.

अकरा वीसला लढाई सुरू झाली. काळे विमान वर गेले आणि खुर्च्यांमधली कुजबुज थांबली. वळताना त्याच्या पंखावरून ऊन सरकत गेले आणि अठराशे रिव्हेट एकेक करून चमकले. वहिनी पहिल्या रांगेत पर्स मांडीवर घट्ट धरून बसल्या होत्या. अध्यक्षांचे विमान मागे लागले, म्हणजे लागायला हवे होते. एकदा ते उलट्याच दिशेला गेले, एकदा पाण्याच्या टाकीला घासून आले. शत्रूराव आपल्या विमानाचा वेग कमी करून वाट पाहत होते. पाठलाग करणाऱ्याला पाठलाग जमावा, म्हणून पळणारा थांबत होता.

"मागं या, मागं," ते हळूच म्हणत होते. "डावीकडं घ्या साहेब. हां. आता आलात."

"बोलू नका!" अध्यक्ष ओरडले. "तुम्ही शत्रू आहात!"

अकरा चाळीस झाले. माझ्या हातात आधीच लिहिलेला कागद होता, 'आणि शत्रू कोसळला!' काळ्या विमानाने धूर सोडला, नाक खाली केले आणि ते सरळ खुर्च्यांच्या दिशेने उतरू लागले. वहिनींनी डोळे मिटले नाहीत. मी मिटले. मोडल्याचा आवाज आला नाही, म्हणून उघडले. शेवटच्या दोन हातांवर विमानाने नाक उचलले, चाके गवताला लावली आणि धूर सोडत, डुलत डुलत ते अध्यक्षांच्या बुटांपाशी येऊन थांबले. तीस पावले म्हटली होती. अध्यक्ष तीस पावलांवरच उभे होते. मग वैमानिकाच्या डोक्यावरची काच उघडली आणि पाचव्या मोटरने एक काडी वर उचलली. काडीला दोन बोटे रुंदीचा पांढरा रुमाल होता.

माइकवर मी काय बोललो, ते खजिनदारांनी नंतर सांगितले: "आणि शत्रू... कोसळायच्या ऐवजी शरण आलेला आहे." आधी एक शिटी आली, मग सगळे उभे राहिले. सहा वर्षांत पडलेल्या सगळ्या टाळ्या एका बाजूला आणि ह्या एका बाजूला.

अध्यक्ष लाल झाले. पण व्यापारी माणूस. तोट्याचा माल नफ्यात कसा काढायचा, हे त्यांच्या रक्तात. त्यांनी वाकून विमान उचलले आणि डोक्यावर धरले. "शत्रूचं विमान आपण पकडलं आहे!" ते ओरडले. "आजपासून हे आपल्या क्लबाच्या काचेच्या कपाटात राहील!" पुन्हा टाळ्या. त्यांचे विमान दरम्यान एकटेच कोठेतरी उतरत होते; ते उसाच्या, की मक्याच्या, शेतात नंतर सापडले.

शत्रूराव ट्रान्समीटर घेऊन उभेच होते. पडायचे वाचवण्याचा विचार त्यांनी बारा दिवस केला होता. पकडले जाण्याचा केला नव्हता.

भाषण झाले. चहाच्या टेबलापाशी विमान अध्यक्षांच्या काखेतच होते. शत्रूराव जवळ गेले. "साहेब, ते जरा..."

"आता हे क्लबाचं. युद्धाचा कायदा आहे. पकडलेलं ते जिंकणाऱ्याचं. तुम्ही दर रविवारी येऊन पुसत जा ना. काय? चालेल ना?"

शत्रूरावांचे तोंड 'बघतो' म्हणायला उघडलेले मी पाहिले. पण मध्ये वहिनी आल्या होत्या. त्या अध्यक्षांशी बोलल्याच नाहीत. बिस्किट चहात बुडवत बसलेल्या आजोबांकडे वळल्या.

"आजोबा, तुमच्या वेळी पकडलेल्यांचं काय करायचे?"

"पकडलेले होय? होते की पंधरा-वीस. त्यांना पण मीच चहा द्यायचो. साखर जास्त लागायची त्यांना."

"आणि मग?"

"मग काय, युद्ध संपलं. गेले घरी. ठेवून काय करायचं?"

वहिनींनी पर्समधून माझी पत्रिका काढली. चारदा घडी घातलेली होती. उलगडून त्यांनी ती चष्म्यावरून अध्यक्षांपुढे धरली, मुदत उलटलेल्या पुस्तकाची चिठ्ठी धरावी तशी. "साडेबारा, युद्धसमाप्ती व चहा. तुमचाच कागद आहे. चहा तर तुम्ही घेताय." मग माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "चिटणीस, वाजले किती?"

"बारा चौतीस," मी म्हणालो. घड्याळ खरे तेच दाखवत होते.

"चार मिनिटं उशीर झालाय," वहिनी म्हणाल्या. "द्या."

ऐंशी माणसे कप हातात धरून पाहत होती. पत्रिकेवर अध्यक्षांची सही होती आणि सहीपासून माघार घेणारा व्यापारी अजून जन्मायचा आहे. त्यांनी काख सैल केली. वहिनींनी विमान दोन्ही हातांनी घेतले आणि पंखाखाली बोट फिरवून पाहिले, एखादे पान फाटले तर नाही ना, असे.

त्यांच्या छोट्या गाडीत विमान मावेना. शेवटी पंख सुटा करून वहिनींनी मांडीवर घेतला. अध्यक्ष खिडकीपाशी आले. बिस्किटाचा कण अडकला असावा. जिभेने वरच्या कवळीशी चाळा चालला होता.

"ही जरा टोचतेय दोन दिवस. उद्या येऊ का?"

"या की. दहाला या."

"आणि पुढच्या वर्षी मात्र हेच विमान, अकरा चाळीसला, रीतसर पाडायचं हं."

शत्रूरावांनी किल्ली फिरवली. इंजिन सुरू झाले.

"नाही," ते म्हणाले, आणि हातातून काहीतरी पडल्यासारखे पत्नीकडे पाहू लागले.

"चला," वहिनी म्हणाल्या. "टेबल तसंच राहू दे. मांडीवर जेवायची सवय झालीय आता."