बंगल्यावर गेलेली दुसरी ड्राइव्ह

गेल्या वर्षी तुम्ही किती दिवस काम केलंत, हे तुम्हाला सिद्ध करता येईल का? तोंडाने सांगून नव्हे. कोर्टात, समोर वकील उभा असताना.

सुकदेवदादांना वाटत होतं, येईल. सुरतेच्या एका डाइंग-प्रिंटिंग मिलमध्ये ते बदली कामगार होते. बदली म्हणजे रोज सकाळी गेटवर उभं राहायचं, कुणी कायम कामगार आला नाही तर आत घेतात, नाहीतर घरी. मूळचे अमळनेरकडचे, राहायला लिंबायतला, आमच्याच गल्लीत. वर्षाचे दोनशे चाळीस दिवस भरले की कायम करण्याची मागणी रेटता येते, हे त्यांना माझ्या वडिलांनी सांगितलं होतं. वडील उधन्याच्या रेल्वे यार्डात होते. आमच्या घरी देव्हारा नव्हता. त्या कोनाड्यात पत्रकांचा गठ्ठा असे. मी वाचायला शिकलो तो त्या गठ्ठ्यावर.

आणीबाणी उठून वर्ष झालं होतं. मी त्याच मिलच्या कॉम्प्युटर खात्यात टेक्निशियन होतो. शेठने परदेशातून जुना कॉम्प्युटर आणला होता आणि सगळ्या बदली कामगारांची हजेरी त्यावर चढवली होती. त्याआधी हजेरी कागदी मस्टरवर असे. मशीन आल्यावर जुनी मस्टरं रद्दीत गेली. रोजच्या चिठ्ठ्या मशीनमध्ये भरल्या की त्याही फाडून टाकायच्या, असा नियम होता.

ही हजेरी राहायची डिस्क पॅकवर. डिस्क पॅक म्हणजे एकावर एक रचलेल्या ताटांएवढ्या तबकड्या, वर प्लॅस्टिकचं झाकण. तो कपडे धुण्याच्या यंत्राएवढ्या ड्राइव्हमध्ये बसवतात. तबकड्या भणाणत फिरतात आणि त्यांच्यावर वाचणारी हेड्स तरंगतात. तबकडी आणि हेड यांच्यातलं अंतर केसाच्या जाडीपेक्षाही कितीतरी कमी. आमच्याकडे अशा दोन ड्राइव्ह होत्या आणि पॅकही दोन. एका पॅकवर हजेरी, दुसऱ्यावर तिची नक्कल. दुसरी ड्राइव्ह चैन म्हणून नव्हती. एक बिघडली तर माणसांचे दिवस वाचावेत म्हणून होती.

शेठचा मुलगा कल्पेशभाई अमेरिकेत विमान उडवायला शिकून आला होता. त्याला घरी सिम्युलेटर हवा होता. सिम्युलेटर म्हणजे खोटं विमान. अठवा लाइन्सच्या बंगल्यात एका खोलीत वैमानिकाची खुर्ची, दांडा, काटे असलेल्या घड्याळांची फळी, आणि शेजारी काटे हलवणारा छोटा कॉम्प्युटर. हे सगळं बोटीने आलं. ड्राइव्हचं आयातीचं लायसन्स मात्र अडकलं.

"सोनवणे, दुसरी ड्राइव्ह बंगल्यावर लावायची," आमचे मॅनेजर देसाईसाहेब म्हणाले.

मी म्हटलं, मग नक्कल कशावर घ्यायची?

"थोडे दिवसांचा सवाल आहे. दुसरा पॅकपण घेऊन जा. त्यावरचं साफ करून प्रोग्रॅम टाक."

मी सांगितलं की आधी सगळी हजेरी कागदावर छापून घेऊ. त्यांनी मान हलवली आणि सोमवारी छापू म्हणाले. रविवारी मुहूर्त होता. कल्पेशभाईने फ्लाइंग क्लबचे पाहुणे बोलावले होते. शनिवारी मी ड्राइव्ह बंगल्यावर बसवली, जमिनीला पाणसळ लावून पाय समतल केले, केबल जोडल्या आणि माझ्या हाताने नक्कल पुसली. लेखी हुकूम मागितला नाही. इथे माझं नाव लिहून ठेवतो. वाचणाऱ्याने दोष वाटताना ते विसरू नये.

संध्याकाळी गल्लीत सुकदेवदादा भेटले. त्यांचा अर्ज लेबर कोर्टात लागला होता. त्यांनी विचारलं, "भाऊ, मन्हा दिन त्याम्हा शेतस ना?"

आहेत, तुमचे दिवस मशीनमध्ये आहेत, मी म्हटलं. ते खरंच होतं. एका पॅकवर होते.

रविवारी सकाळी बंगल्यावर सगळे जमले. शेठच्या आई, बा, पूजेचं ताट घेऊन आल्या. आता इथे मागचं एक सांगायला हवं. दसऱ्याला मिलमध्ये मशीनची पूजा होते. कापड रंगवायच्या जिगर मशीनपासून टाइपरायटरपर्यंत सगळ्यांना कुंकू आणि झेंडूचे हार. त्या दसऱ्याला मी हात जोडायला नकार दिला होता आणि वर छोटं भाषणही ठोकलं होतं. मशीन तेलाने चालतं, नारळाने नाही, वगैरे. पत्रकांतलं वाक्य होतं. म्हणताना फार बरं वाटलं होतं.

बांनी ड्राइव्हचं झाकण उघडायला सांगितलं. आत पॅक, त्याचं प्लॅस्टिकचं झाकण काढलेलं. त्यांनी कुंकवात बोट बुडवलं.

मी पुढे झालो. म्हटलं, बा, बाहेरून लावा, आत नको. कुंकवाचा एक कण हेडखाली आला तर विमान डोंगरावर आपटल्यासारखं होईल.

"भाई, चांदलो तो करवो पडे ने," बा शांतपणे म्हणाल्या. त्यांचा माझ्यावर राग नव्हता. राग देसाईसाहेबांना आला. ते पाहुण्यांकडे वळून हसत म्हणाले, "ह्याला भगवानची ॲलर्जी आहे. दसऱ्यालापण असंच केलेलं."

पाहुणे हसले. मी पुन्हा सांगू लागलो, अंतर किती, वेग किती. पण त्या खोलीत ते मशीनबद्दलचं बोलणं म्हणून कुणी ऐकतच नव्हतं. सगळे माझं दसऱ्याचं भाषण पुढे ऐकत होते. कल्पेशभाईने तेवढ्यापुरतं बाहेर थांबायला सांगितलं. मी फाटकापाशी जाऊन उभा राहिलो.

तबकडीवर कुंकवाचा चांदलो झाला, वर अक्षता पडल्या. ड्राइव्ह सुरू झाली. पत्र्यावर खिळा ओढावा तसा आवाज रस्त्यापर्यंत आला, मग बंद पडला.

आता मला बोलावतील असं वाटलं. बोलावलं नाही. थोड्या वेळाने गाडी बाहेर पडली आणि अर्ध्या तासात परत आली. ड्रायव्हरच्या मांडीवर मिलमध्ये राहिलेला पॅक होता. हजेरीचा. देसाईसाहेबांचा हिशोब सरळ होता. पॅक खराब निघाला, दुसरा लावून पाहू, ड्राइव्ह फिरते की नाही ते कळेल.

आमच्या धंद्यात यापेक्षा मोठी चूक नाही. पॅक खराब होतो तेव्हा हेडही तुटतं. तुटक्या हेडखाली चांगला पॅक घातला की तोही तासून निघतो. मी गाडीमागे आत धावलो. चौकीदाराने दंड धरला आणि म्हणाला, "साहब ने मना किया है।" मी त्याला काय समजावणार होतो? समजावेपर्यंत तो आवाज दुसऱ्यांदा आला.

सोमवारी माझ्या टेबलावर रिपोर्ट टाइप होऊन आला होता. 'तांत्रिक बिघाडामुळे नोंदी नष्ट.' खाली माझ्या सहीची जागा. मी सही केली नाही. नोकरी गेली, त्याचं मला फार नाही.

कोर्टात मी कामगारांच्या बाजूने साक्ष दिली. मिलच्या वकिलाने एकच प्रश्न विचारला.

"नक्कल कोणी पुसली?"

"मी."

तो खाली बसला. मिलने सांगितलं की रेकॉर्ड नाही, आणि रेकॉर्ड नाही म्हणून दिवस नाहीत. सुकदेवदादांसकट इतर बदली कामगारांचे अर्ज फेटाळले गेले. सुकदेवदादा पायरीवर बसून चपलेचा अंगठा नीट करत होते. वर न बघता म्हणाले, "मंग आते कोण सांगी?" ते आजही सकाळी गेटवर उभे राहतात.

बदली कामगारांपैकी एकटा उखा कायम झाला, एका वहीच्या जोरावर. त्याला लिहिता येत नाही. पण मुकादम आपले दिवस खातो असा त्याला संशय होता. म्हणून तो मुलीच्या शाळेच्या वहीत रोज एक रेघ मारायचा आणि पाळी सुटताना मुकादमाला त्या रेघेवर सही करायला लावायचा. मुकादम शिव्या देत सही करायचा. आम्ही खात्यात त्याला हसायचो. तुझे दिवस मशीनमध्ये आहेत, वही कशाला, म्हणायचो.

मशीन वाईट नव्हतं. ते कुणाच्या ताब्यात आहे, हा प्रश्न होता. तो मी दसऱ्याला विचारायला हवा होता. मी नारळावर बोलत बसलो.

म्हणून हे वाचणाऱ्यांना एकच मागणं आहे. उद्या कामावर जाताना एक साधी वही घ्या. दिवसाची एक रेघ मारा आणि घरी निघण्याआधी तिच्यावर मुकादमाची सही घ्या. तो नाही म्हणाला तर शेजारच्या मशीनवरच्या माणसाची घ्या, आणि त्याच्या वहीवर तुमची करा.