न येणाऱ्यांच्या यादीतला मेहुणा

आमच्या कंटेनर डेपोतून आठवड्याला एकच मालगाडी सुटते आणि तिच्यावर चाळीस कंटेनर मावतात. नोंदणी कारकून मात्र पंचेचाळीस नोंदी घेतात. पाच जण ऐनवेळी फिरकत नाहीत आणि रिकामी गेलेली जागा पुन्हा विकता येत नाही, हे त्यांचं गणित. आम्ही त्यांना 'अंदाजपंचे' म्हणतो. पण अकरा वर्षं शेजारच्या टेबलावर बसून त्यांचा अंदाज चुकलेला मी पाहिला नव्हता.

सगळी मदार फोनवरच्या बोलण्यावर. तीनतीनदा "नक्की ना?" विचारणारा तासभर आधी हजर होतो. "झालंच समजा" म्हणणारा येत नाही. त्याचं नाव वहीत लाल पेन्सिलीने 'न येणारे' या रकान्यात जातं. शिवाय या पंचेचाळिसांतली एक जागा शेवटपर्यंत दाबून ठेवायची, कारण औषधवाला धापा टाकत येतो आणि दुप्पट भाडं मुकाट्याने देतो. एवढं करूनही गर्दी झालीच, तर सर्वांत कमी भाड्याचा कंटेनर मागे ठेवायचा.

यंदा त्यांच्या मेहुण्याची बदली झाली. घर सोडून मालकाला किल्ली दिलेली, म्हणून भावाचं सामान याच गाडीने गेलं पाहिजे, असं बायकोने बजावलं होतं. मेहुण्याचा फोन आला. "भावजी, झालंच समजा." उसनी नेलेली शिडी परत आणतो असं सांगून हा गृहस्थ चार वर्षं आला नव्हता. अंदाजपंचेंनी त्याला घरचं म्हणून सर्वांत कमी भाडं लावलं आणि लाल पेन्सिल उचलली.

गाडीच्या दिवशी चौघे आले नाहीत. एक्केचाळिसावा कंटेनर फाटकात उभा राहिला, ड्रायव्हरशेजारी मेहुणा. साहेब म्हणाले, औषधवाल्याला थांबवा हवं तर, तुमच्या घरचा मामला आहे. अंदाजपंचेंनी चष्मा पुसला, पुन्हा पुसला, आणि मेहुण्याचा कंटेनर बाजूला घ्यायला सांगितलं.

"पण भावजी, मी तर वेळेवर आलो."

"तिथेच घोळ झाला."

तेवढ्यात मेहुण्याची नजर उघड्या वहीवर गेली.

सामान डेपोत राहिलं आणि मेहुणा बायकोमुलांसह अंदाजपंचेंच्या दोन खोल्यांत आठवडाभरासाठी आला. वहीची हकीकत अर्थातच त्याने बहिणीला तिखटमीठ लावून सांगितली. दोन दिवस घरात नवऱ्याशी कोणी बोललं नाही. तिसऱ्या दिवशी डबा हातात देताना बायको हळूच म्हणाली, "तो येईल असं मलाही वाटलं नव्हतं. पण मी ते लिहून नाही ठेवलं."