दातांत धरलेला कंगवा

आमच्या गल्लीतल्या सलूनवाल्याला सगळे ‘रेडिओ’ म्हणतात. शटर वर गेलं की तो सुरू होतो आणि शटर खाली आलं की बंद. गिऱ्हाइकाने “मागून जरा” म्हणायचा अवकाश, हा “बारीक, कळलं” म्हणून पुढच्या विषयावर. बारा वर्षांत त्याच्या खुर्चीत मी एक वाक्य धड पुरं केलं नव्हतं. राग यायचा, पण हात चांगला, म्हणून जात राहिलो.

त्याची मुलगी सात वर्षांची. बोलताना अडते. पहिलं अक्षर ओठांवर येऊन तिथेच ठाण मांडून बसतं. सगळ्यात जास्त अडते ती स्वतःच्या नावावर. कोणी नाव विचारलं की ती बापाकडे बघायची आणि बाप सांगून मोकळा व्हायचा. शाळेत बाप नसतो. नव्या बाईंनी नाव विचारलं तेव्हा पोर बाकाखाली जाऊन बसली, आणि दुसऱ्या दिवसापासून शाळेचं दप्तर उचलेना.

आई नर्स, तिच्या पाळ्या बदलत्या. म्हणून अडखळणाऱ्या मुलांच्या स्पीच थेरपीला तिला दर बुधवारी रेडिओच न्यायचा. पहिल्या दिवशी तो बाहेर पेपर वाचत बसला. गाडी गॅरेजात लावावी तसा हिशेब. दुरुस्त झाली की हाक मारतील. थेरपीच्या बाईंनी त्यालाच आत बोलावलं आणि म्हणाल्या, “घरी जेवतानाचं पाच मिनिटांचं बोलणं फोनवर रेकॉर्ड करून आणा.”

पुढच्या बुधवारी त्यांनी ते त्यालाच ऐकवलं. लेकीने सतरा वाक्यं सुरू केली होती. पंधरा बापाने पुरी केली. उरलेल्या दोनांवर आई म्हणाली होती, “सावकाश बोल गं.”

“मला वाटायचं, मी तिला मदत करतोय,” माझी दाढी करता करता तो सांगत होता. “बाई रागावल्या नाहीत हो काका. एवढंच म्हणाल्या, शब्द तिच्याकडे आहेत, वेळ नाही. तिचा वेळ मीच खात होतो.” माझा सगळा राग त्या दिवशी उतरला.

पण जित्याची खोड. घरातला गप्प राहायचा सराव पुरेना, म्हणून त्याने तो आमच्यावर सुरू केला. बोलायची हुक्की आली की कंगवा दातांत धरायचा. गिऱ्हाइकं घाबरली. एकाने दाढदुखीची गोळी आणून दिली. मी मात्र त्या शांततेत पहिल्यांदाच अख्खं वाक्य बोललो, “मागून जरा लांब ठेव.”

त्याने कंगवा काढला. “लांब? मग बारा वर्षं बोलला का नाहीत?”

मी नुसतं त्याच्याकडे पाहिलं. त्याने कंगवा पुन्हा दातांत धरला.

परवा रविवारी मी बाकावर पाळीची वाट बघत होतो. शेजारी मुलगी चित्र रंगवत होती. खुर्चीत कोणी नवीन माणूस, तोंडभर फेस. आरशातून त्याने तिला विचारलं, “नाव काय गं तुझं?”

तिने बापाकडे पाहिलं. बापाने वस्तरा खाली ठेवला, कंगवा दातांत धरला आणि तिच्याकडे बघत राहिला. तिने सुरुवात केली आणि अक्षर अडलं. हनुवटी थरथरायला लागली. मला नाव ठाऊक होतं, अगदी जिभेवर होतं. बोलून टाकावं आणि तिची सुटका करावी असं वाटलं. खुर्चीतला माणूसही काहीतरी सुचवायला निघाला, तसा रेडिओने त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

मग तिने नाव सांगितलं. पहिलं अक्षर चारदा, मग पूर्ण नाव, कोणी विचारलं नसताना आडनावासकट. आणि पुन्हा रंगवायला लागली.

रेडिओने गिऱ्हाइकाला आणखी दोन मिनिटं तसंच फेसात बसवून ठेवलं. कंगव्याचा एक दात तुटला होता.

सोमवारी तिने दप्तर उचललं. तिचं नाव काय, असं तुम्ही विचाराल. मी सांगणार नाही. तिलाच विचारा, आणि जरा थांबा.