धूर दिलेलं बियाणं

दिघीच्या धक्क्यावर मी आगरदांड्याला जाणाऱ्या फेरीबोटीची वाट पाहत उभा होतो. पिशवीत पेजेचा डबा होता. पलीकडच्या दवाखान्यात बाळूला तेवढीच जात होती. बोट खाडीच्या मध्यावर आली आणि त्याच्या बायकोचा, सुलभावहिनींचा फोन आला. "मास्तर, तुम्ही आता येऊ नका. आम्हीच येतोय..." एवढंच त्या म्हणाल्या. बोट लागली, माणसं उतरली, चढली, आणि मी डबा धरून तिथेच उभा राहिलो. याला आता दोन महिने होतील.

बाळू माझा दिवेआगरचा शाळासोबती. नारळ-सुपारीची वाडी आणि दिवसाला एक पाकीट सिगारेट, हा त्याचा थाट. मी शाळेत विज्ञान शिकवायला लागलो त्या दिवसापासून त्याने माझं नाव टाकलं आणि मास्तर म्हणू लागला. त्यात आदर कमी, चेष्टाच जास्त. त्याचा जीव मात्र बियाण्यात. काकडी, पडवळ, चिबूड... बी धुवायचं, वाळवायचं, राखेत घोळायचं आणि पुरचुंड्या बांधून चुलीच्या वर टांगायचं. धूर लागलेल्या बियाण्याला कीड लागत नाही, हे आमच्याकडे कुणालाही विचारा. घरात गॅस आला तरी मागच्या पडवीतली चूल त्याने बंद होऊ दिली नाही. वादळात वाडी आडवी झाली, कौलं उडाली, तेव्हा हा पठ्ठ्या पुरचुंड्या पोटाशी धरून कोपऱ्यात बसला होता. पुढे अर्ध्या आळीच्या मांडवांवर त्याच्याच बियाण्याचे वेल चढले.

सिगारेटवरून कुणी टोकलं की त्याचं उत्तर ठरलेलं. छातीवर थाप मारून म्हणायचा, "अरे, हितं रोज धूर देतोय. कीड लागंल कशी?" सगळे हसायचे. मीही हसायचो. नुसता हसायचो नाही, ते वाक्य मीच गावभर केलं. संध्याकाळी समुद्रावर त्याच्या पाकिटातली एक सिगारेट माझी असायची ना!

मग एकदा झावळ्या तोडताना पायाला कोयता लागला. एरवी आठ-दहा दिवसांत भरावी अशी जखम दोन महिने चिघळत राहिली. तपासलं, साखर नव्हती. पुढे साधी सर्दी झाली तरी छातीत उतरू लागली. गावातली डॉक्टर इथलीच, वाडीवाल्यांचीच मुलगी. ती त्याला म्हणाली, "काका, वानर नसताना तुम्ही राखणदाराला दिवसभर पळवलंत, तर काय होईल? दमेल, चिडेल, आपलीच झाडं झोडपेल. आणि खरे वानर येतील तेव्हा त्याला काठी उचलवणार नाही. धुराने शरीरातल्या राखणदाराचं हेच होतं. घाण बाहेर झाडणारी श्वासनळीतली लवसुद्धा झडते."

त्या संध्याकाळी वाळूत बसल्यावर बाळूने विचारलं. आवाजात चेष्टा नव्हती. "मास्तर, ती पोरगी म्हनते त्यात तथ्य हाय का? तू सांगशील तसं करीन."

माझ्या हातात त्याचीच सिगारेट जळत होती. मी म्हणालो, "अरे, डॉक्टर सगळ्यांना तेच सांगतात."

तो सुटल्यासारखा हसला आणि त्याने पुन्हा पाकीट काढलं.

फळ्यावर आकृत्या काढून पांढऱ्या पेशी शिकवणारा माणूस मी. मला सांगता आलं असतं, की बाबा रे, बियाण्याला स्वतःचा राखणदार नसतो, म्हणून त्याला धूर द्यावा लागतो. माणसाला असतो, आणि धूर आधी त्यालाच गाठतो. सांगितलं असतं तर त्याने सोडली असती का, कोण जाणे. पण त्याने विचारलं होतं, आणि मलाच विचारलं होतं. याची मला लाज वाटते.

यंदा न्यूमोनिया झाला. औषधं चालू होती, शरीर साथ देत नव्हतं. शेवटच्या भेटीत नाकातोंडावरचा मास्क बाजूला करून तो म्हणाला, "मास्तर, चूल..."

"सकाळी पेटवून आलोय," मी म्हणालो.

"बरं केलंस," म्हणाला, आणि त्याने डोळे मिटले.

गेल्या आठवड्यात वहिनींनी पुरचुंड्या खाली काढल्या. आत सिगारेटच्या पाकिटातल्या चंदेरी कागदाच्या पुड्या, आणि प्रत्येकीच्या पांढऱ्या बाजूवर पेनाने नाव, कुणाला काय द्यायचं त्याचं. एकीवर होतं: चिबूड, मास्तर.

पुडी माझ्या हातावर ठेवत वहिनी सहज म्हणाल्या, "मी किती येळा सांगितलं, सोडा ती सिगारेट. तर म्हनायचे, मास्तर सांगतो काय न्हाय होत. शिकलेला मानूस हाय तो."

मला त्यांच्याकडे बघवेना. मान खाली घालून मी पुडी उघडली. कागदाला अजून चुलीचा वास होता. बी मोकळं, कोरडं, राखेने माखलेलं. बोटाने सगळं सारून पाहिलं. एकाही दाण्याला कीड लागलेली नव्हती.