दुखऱ्या हाताने बांधलेली राखी

देवासच्या मैत्रिणींनो, आज राखी, आणि मी स्वतःवरच चिडलेय.

लग्न होऊन धारहून इथे आले तेव्हा मैत्रीण म्हणून स्वातीशिवाय माझं कोणी नव्हतं. माझ्या ओवीला भाऊ नाही, म्हणून ती दरवर्षी स्वातीच्या पार्थला राखी बांधते.

आज ओवी त्याला ओवाळायला गेली आणि पार्थने मस्तीत तिची बोटं जोरात पिरगाळली. ताट पडलं, ती किंचाळली. स्वाती हसून म्हणाली, "अगं, बच्चे हैं, चलता है."

आणि मी? मी माझ्याच लेकीला दटावलं, "सणाच्या दिवशी रडायचं नाही. राखी बांध."

तिने हुंदके देत त्याच दुखऱ्या हाताने कशीबशी गाठ मारली.

घरी येऊन पाहिलं तर दोन बोटं सुजलेली. बर्फ लावताना ती म्हणाली, "आई, स्वाती मावशी तुझ्याशी कट्टी करेल म्हणून तू मला रागावलीस ना?"

आत्ताच स्वातीने फोटो पाठवलाय. सगळे हसताहेत, ओवी सोडून. खाली लिहिलंय, "पुढच्या वर्षीपण आमच्याकडेच हं!"

स्वातीला काय लिहायचं ते सुचेल कधीतरी. पण ओवीला काय सांगू?